दोन रकाने

भुसावळात, रेल्वेच्या बंद पडलेल्या पार्सल ऑफिसात
संध्याकाळी सातचा वर्ग.
खात्याच्या परीक्षेला बसलेले अकरा जण,
पैकी सात ड्युटीवर.
मी फळ्यावर उभी रेघ मारली.
डावीकडे स्टिल, उजवीकडे येट.

म्हटलं, होतं ते आहेच, तिथं स्टिल.
व्हायचं ते झालं नाही, तिथं येट.
मालगाडी यार्डात अजून उभी आहे, डावीकडे.
पॅसेंजर अजून आली नाही, उजवीकडे.

सुपडू झोपे, पॉइंट्समन, वय सेहेचाळीस,
नखांत ग्रीस, वहीला खाकी कव्हर,
मागून म्हणाला,
"सर, दोन्हीकडे आजूनच तं आहे.
मंग साहेबाले दोन कायले लागले?"

मला उत्तर आलं नाही. म्हणजे, येट.
मी म्हटलं, पाठ करा.

त्यानं त्याच्या पद्धतीनं केलं.
"स्टिल म्हंजे भांड्याचं स्टील. गंजत नाही, राहातं.
अन् येटमधी 'ये' आहे, सर.
कोणाले तरी हाक मारल्यासारखं."

घरचा अभ्यास, प्रत्येकी एक वाक्य.
सुपडूचं वाक्य मोठ्या अक्षरांत, शाई फुटलेली :
माय ब्रदर हॅज नॉट कम येट.
येट बरोबर जागी. पूर्णविरामही.
मी विचारलं, कुठं गेलाय?
"सुरतेले."
कधी?
"चौऱ्याण्णवले. तिकडे पिलेग आला ना, त्याच्या आधी."

लाल पेन हातात तसंच.
व्याकरणात येटला मुदत घातलेली नाही.
किती वर्षांनी त्याचं नेव्हर करायचं
हे कुठल्याच धड्यात नाही.
मी शेजारी बरोबरची खूण केली,
जरा जास्तच मोठी.

मे महिन्यात त्याच्या घरी गेलो, वरणगाव रोडला.
पंचेचाळीस डिग्री, कूलरला नवा वाळा.
आई फारसं बोलत नाही. तिनं पाणी दिलं.
स्टीलचा पेला, पोटावर
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं :
चि. प्रल्हाद, सातवी पास, मामांकडून.
राखेनं घासून घासून अक्षरं पातळ झालेली,
पण लागत होती.
मी अंगठा फिरवला त्यावरून.
डावा रकाना.

मग वरण-बट्टी. बट्टी चुरून वर तुपाची धार.
दोन झाल्यावर मी ताटावर हात आडवा धरला.
ती वाकली. म्हणाली,
"आजून घ्या ना."

हा तिसरा.
साहेबाकडं याला आणखी वेगळाच शब्द आहे,
पुढच्या आठवड्यात शिकवायचा म्हणून ठेवलेला.
सुपडू माझ्याकडं बघत होता,
वही नव्हती तरी
हे कुठं लिहू, असं विचारल्यासारखा.

मी हात काढून घेतला.
तिनं वाढलं.