लोकरीले रगत नसते

नवतप्याच्या आदल्या आठवड्यात चिचाळ्याला गेलो.
सायकलच्या कॅरिअरवर बर्फाचा डबा, डब्यात आंत्रविषाराची लस.
नोकरीचं पहिलं वर्ष. पद : व्रणोपचारक.
मल्लाजी कोरेवारनं बांधीत मेंढ्या बसवल्या होत्या,
रातीला दोन कुडो धान.

बहात्तर मेंढ्या. एक पिचकारी. एकच सुई.
धर, टोच, सोड,
पाठीवर गेरूचा आकडा,
धर, टोच, सोड.
सुई बोथटली तेव्हा दगडावर घासली.
घासलेली आठवते, पुसलेली आठवत नाही.
पाऊण तासात आटोपलं.
"हात भारी चालते जी तुमचा," मल्लाजी म्हणाला,
आणि ते बोलणं मी आठवडाभर खिशात घालून हिंडलो.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला.
पापणी उलटून पाहिली :
लालीच्या जागी धुतल्या तांदळाचा रंग.
दुसरीची पिवळी, ताज्या मोहफुलासारखी.
तिसरी उठेचना.

कानाच्या टोकाचा थेंब काचेवर ओढून मूलला नेला.
डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिल्या,
मग सरकून मला जागा दिली.
तांबड्या चकत्या, आणि चकत्यांच्या अगदी काठावर
एकेक काळा ठिपका,
पाटाच्या कडेला टेकून कुणी पंगतीची वाट बघावी तसा.
"गोचिडांनी आणलं असेल."
रजिस्टरात तेच लिहिलं.
गोचीड होतेही : कानात, शेपटीखाली,
एरंडीच्या बियांसारखे टंच.

पण गोचीड आकडे बघून चावत नाही.
गेरू फिका झाला होता, तरी वाचता येत होता.
अठरापर्यंत एकही आजारी नाही.
विसापासून पुढे दाट, मग विरळ, मग तुरळक.
आणि एकोणीस?
गोंडपिपरीच्या बाजारातून चैतात आणलेली ती,
बाभळीखाली ठणठणीत, रवंथ करत बसलेली.

नऊ गेल्या. बाकीच्या औषधानं सावरल्या.
मल्लाजीला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही,
बिडी विझेपर्यंत विझलेल्या बिडीकडे बघत राहिला.
लचमाबाई घोंगडीचा काठ शिवत होती,
मान वर न करता म्हणाली,
"एक सुई आमी साऱ्या घोंगड्यांले लावतो बापू.
पन लोकरीले रगत नसते."

आता तीन दगडांवर गंज ठेवतो,
जितक्या मेंढ्या तितक्या सुया.
कान कातरायचा चाकूही त्याच पाण्यात, दर कानाला.
बाजारची मेंढी महिनाभर वेगळ्या दावणीला,
ठणठणीत दिसली तर जास्तच.
बहात्तरला दुपार कलते.
पोरं म्हणतात, बाबा लयच हळू झाले.

सुया उकळताना वाजतात.
मल्लाजीचा नातू चिमट्यानं एकेक काढतो, मोठ्यानं मोजतो.
एकोणीसपाशी मी दरवेळी त्याला थांबवतो,
आणि का ते
सांगायचं राहून जातं.