चौघांचं तिकीट

राणीबागेच्या खिडकीवर पाटी होती:
मोठ्याला पन्नास, लहानाला पंचवीस,
आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभर.

मी आणि ओजस म्हणजे पंच्याहत्तर,
पर्समध्ये नेमकी शंभराची नोट.
मागून एक जण म्हणाला, ताई,
आम्हीपण दोघंच आहोत.
त्याच्या नखांत गॅरेजचं काळं,
बोटाला धरलेली सातेक वर्षांची मुलगी,
दोन वेण्या, त्यातल्या एकीची रिबीन सुटलेली.
पंचवीस तुमचे वाचतील, पंचवीस माझे.

पंचवीसात हल्ली दोन वडापावही येत नाहीत.
तरी मी बरं म्हटलं.
खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं,
फॅमिली?
आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, हो.
बांद्र्याच्या कोर्टात हाच प्रश्न
चौदा तारखा चालला होता.

त्याच्याकडे पाचशेची नोट, सुट्टे नव्हते.
शंभर मीच दिले.
नंतर देतो म्हणाला,
आणि हे वाक्यसुद्धा मला ओळखीचं वाटलं.

फाटकावरच्या बाईनं चार डोकी मोजली,
पाण्याची बाटली उलटसुलट करून पाहिली,
सोडलं.
आत आल्यावर तो डावीकडे गेला, मी उजवीकडे.
अडीच मिनिटांचा संसार,
भांडण न होता मोडलेला.

पण बागेतल्या वाटा फिरून फिरून तिथेच येतात.
पेंग्विनच्या काचेपाशी ते दोघं होतेच.
त्या गारव्यात सगळेच जरा जास्त रेंगाळतात,
बाहेर मे महिना दार अडवून उभा असतो.
पाणघोड्यानं नुसत्या नाकपुड्या दाखवल्या,
तिथे पुन्हा.
वाघ पाठ करून झोपला होता,
त्या पाठीला माणसं हाका मारत होती,
शिट्ट्या, टाळ्या, ए राजा, ए इकडे बघ.
त्यानं एक कान हलवला.
ऑफिसात मीही एवढंच करते.

तोवर पोरांनी कुणाला न विचारता
खाली पडलेला चिंचेचा आकडा
अर्धा अर्धा केला होता.

मग गोरखचिंच.
बुंधा कसला, झाडानं गिळलेली खोली.
ओजस आणि बुशरानं हात पसरून
त्याला कवेत घ्यायचा प्रयत्न केला,
दोघांचे मिळून चतकोरही भरेना.
नाझिमभाईंनी
(नाव लेकीनं सांगितलं, हजेरी द्यावी तसं, आडनावासकट)
चष्मा कपाळावर सरकवून पाटी वाचली.
म्हणाले, चिंच म्हणतात, पण चिंच नाही हो ही.
कुळ बघा. भेंडीचं आहे.

भेंडी!
आम्ही दोघं हसलो, मुलंही हसली,
कशाला ते न कळता.
कुठल्याशा गलबतातून आफ्रिकेहून आलेलं,
गोरखनाथाचं नाव लावून
भायखळ्याच्या धुरात उभं राहिलेलं हे धूड,
आणि त्याचं नात्यातलं कोण,
तर माझ्या डब्यातली भाजी,
शेजारच्या काकूंच्या कुंडीतली जास्वंद.
चेहरा जुळत नाही म्हणून
कुणी कागद मागितले नसतील त्याच्याकडे.
मी खोडावर हात ठेवला.
गरम होतं, आणि थोडं खरखरीत,
दाढी न केलेल्या गालासारखं,
हे मनात आलं तसा हात काढून घेतला.

बाहेर उसाच्या गाड्यावर पाचशे मोडले.
त्यांनी मला चाळीस दिले, दहा कमी पडले,
चार ग्लास रस मात्र त्यांचाच.
हिशोब कुणाच्या बाजूला झुकला
ते मी मांडलं नाही.
तिकीट बुशराला हवं होतं, ओजसलाही.
फाडू नका म्हटलं.
तिनं ते घडी घालून
रिबिनीत बांधलं, घट्ट, दोन गाठी मारून.

निघताना नाझिमभाई म्हणाले,
बुधवारी बंद असते हं बाग.

एवढंच.
मी मान हलवली,
जसे काही बाकीचे सहा दिवस
मला मोकळेच असतात.