चौथं उद्या नेतो

आडेनाउ, मार्चअखेर. डोंगरावर अजून मळका बर्फ,
आणि माझ्या गॅरेजात वेंडेलिन बेकर,
कानामागचं पीठ तसंच.
वीस इंची काढ, म्हणाला, एकोणीस घाल.
फोर्ज्ड. एकेक चाक अडीच किलोनं हलकं.

मी म्हटलं, दहा किलो तर तुझ्या पोटावर आहेत,
फुकटात उतरतील.
"हे रोस्विताचं वाक्य," तो म्हणाला,
आणि लिफ्टवर चढणाऱ्या गाडीकडे बघत राहिला.

जुन्या टायरांचे खांदे सोललेले. डावे जास्त.
आमच्या ट्रॅकवर वळणं उजवीकडची अधिक,
भार झेलायचा डाव्यांनी,
चालवणाऱ्याच्या बाजूनं.

हबचा गंज घासला. बोल्ट हातानं फिरवले,
मग पाना. टक्क. समोरासमोरचा. टक्क.
नव्या रबरावर साच्याची तुकतुकी असते,
रस्त्याशी त्याची ओळख व्हायला
दोनशे किलोमीटर लागतात.
बेतानं ने, मी बजावलं.

जुनी चाकं इथे सोडेना.
दोन मागे कोंबली, एक शेजारच्या सीटवर.
चौथं उद्या नेतो.

किल्ली फिरवली तशी गाडी टिंग टिंग करू लागली:
शेजारी कुणीतरी बसलंय, बेल्ट नाही.
चाक खाली ठेव, मी म्हणणारच होते.
त्यानं वाकून पट्टा ओढला,
चाकावरून, मुरगळलेला सरळ करत,
खट्.

मग सायकलच्या वेगानं
पुलापर्यंत गेलेला दिसला.

आज शनिवार.
चौथं अजून भिंतीशी उभं आहे.
हलवलं की खाचांतून खडे पडतात.