तिसरी सही

सोहारच्या किनाऱ्यावर बारा खांब,
खांबांवर भोंगे, भोंग्यांच्या पोटात बॅटऱ्या,
आत समुद्रात तीन पिवळ्या बोया.
लाट वाढली की बोयेनं सांगायचं,
यंत्रानं ऐकायचं,
भोंग्यानं ओरडायचं.
एकशे ऐंशी सेकंदांत. करारात तसं लिहिलंय,
पान दोनशे चार.

चाचणीच्या कागदावर तीन रकाने :
विकणारा, बसवणारा, सरकार.
तिसऱ्या रकान्यापाशी बसायला मला आणलंय.
सरकारची साक्षीदार, भाड्याची.
करारावर एक वर्ष, खोली कंपनीची,
गाडीत मागची अर्धी सीट.

कंट्रोल रूममध्ये एसी असा की
मी ओढणी कानांवरून घेते.
विकणाऱ्यांचे मिस्टर ओक बटण दाबतात.
बारा दिवे लागोपाठ हिरवे.
छत्तीस सेकंद.
कुणीतरी टाळ्या वाजवतं, खजूर फिरतात.
पेनाचं टोपण मी काढलेलंच होतं,
हे इथं लिहून ठेवते.

खात्याची झुवैना उठते.
वय असेल सव्वीस, बुटांवर वाळू.
"हिरवा म्हणजे काय?" विचारते.
"म्हणजे यशस्वी," ओक म्हणतात.
"काय यशस्वी?"
खोलीत फक्त एसीचा आवाज.
मग बिजुमोन, वायरिंगवाला, भिंतीकडे बघत बोलतो :
"मॅडम, हिरवा म्हणजे हुकूम गेला.
वाजलं का ते त्याला माहीत नसतं."

माझे अण्णा वजनमापे खात्यात होते.
आठवडी बाजारात पारडी उलटी करून बघायचे.
खाली चिकटवलेली चिंच नखानं काढायचे,
दुकानदाराच्या हातावर ठेवायचे,
एक शब्द न बोलता.
घरी भाजी मात्र आईला महाग मिळायची.
मापात पाप, लोक म्हणतात.
अण्णा म्हणायचे, पाप पारड्यात नसतं गं,
न बघता मारलेल्या शिक्क्यात असतं.

दुपारी दीडला आम्ही सात नंबरच्या खांबाखाली.
पेटी बंद, पेटीतला पारा बासष्ट.
ओक सावली शोधतात, ती खांबाएवढीच.
झुवैना फोनवर सांगते : आता दाबा.
तिकडे दिवा हिरवा.
इकडे एक बकरी खांबाला अंग घासते,
समुद्र आपलं आपलं करतो,
भोंगा गप्प.
मी घड्याळ बघत उभी. एकशे ऐंशी.
दोनशे.
चारशेला झुवैना म्हणाली, लिही.

मग फोन सुरू झाले.
तेवीस तारखेला उद्‌घाटन आहे, तंबू ठरलाय.
प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे ना?
एवढ्या कोटींच्या खरेदीत एका पेटीसाठी?
माझ्या कंपनीचा साहेब गोड बोलला :
सही करा, शेरा लिहा, नंतर बघू.
झुवैनानं माझ्याकडे बघितलं नाही,
ते बरं केलं. बघितलं असतं तर
सही न करण्याचं श्रेय तिचं झालं असतं.
मी टोपण लावलं.
त्याचा आवाज किती लहान.

तेवीस तारीख गेली. तंबूवाल्यानं पैसे घेतले.
ओकनी पेट्यांना पंखे बसवले, दिव्याला कान दिले :
आता भोंगा खरंच वाजला तरच हिरवा.

काल पहाटे पावणेतीनला
सात नंबरवर न सांगता चाचणी केली.
सकाळी सातला दारात एक कोळी,
खमीस बिन राशिद, चप्पल एकाच पायात,
संतापून लाल :
बाळ उठलं, बायको उठली, म्हातारी कलमा पढायला लागली,
आम्ही गाडीत बसून डोंगराकडे निघालो होतो!
किती वेळात, झुवैनानं विचारलं.
काय किती वेळात?
गाडीत बसायला.

तो चहा न घेता गेला.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
तक्रार आली, एक.
मग त्याच्या शेजारी सही केली, सात नंबरपुरती.
अकरा राहिलेत.
आज आठ नंबर.
तिथं वस्ती विरळ आहे, तक्रार करायला कोण येणार,
याचा विचार करत आम्ही दोघी
गाडीत पाण्याच्या बाटल्या भरतोय.