हयातीचा दाखला

मी सुई टोचत नाही, सलाईन लटकवत नाही.
माझ्या वाट्याला एक फोन, एक लांब वही
आणि घरी बसून गोळ्या गिळणारी सत्तेचाळीस माणसं.
सकाळी तीन, रात्री तीन, जेवणानंतर अर्ध्या तासात.
चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी.
फोडायची नाही, कुटायची नाही,
चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नाही.
हे इतक्यांदा म्हटलंय
की एकदा मुलाला थोपटताना तेच पुटपुटत होते.

जेल रोडचे श्रीपत निकुंभ, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
छत्तीस वर्षं ताव मोजले.
"सिस्टर, एक ताव कमी भरला तर अख्खं खातं अडकायचं.
साखरपुड्याच्या दिवशी मी रात्री नऊला सुटलो!"
त्यांना वही भरायला शिकवावं लागलं नाही.
ताप किती, जुलाब किती वेळा, तळपाय कसे,
पट्टीने आखलेले रकाने, खाली लाल शाईत बेरीज.

शिकवावं लागलं ते सिंधूकाकूंना.
गोळी तळहातावर घेऊन देऊ नका, झाकणात ओता.
"चाळीस वर्षं मीच हातावर देतेय.
आता माझ्या हाताला काय झालं?"
काही होऊ नये म्हणूनच, काकू.
त्या गप्प झाल्या.
मग फोनवर झाकणाचा टक्‌ असा आवाज.

तिसऱ्या फेरीत तळवे लाल झाले,
बोटांची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटू लागली.
मलम सांगितलं, सुती मोजे सांगितले,
चहाचा कप धरवेना झाला तर त्याच दिवशी कळवा, म्हटलं.
"धरवतो की," म्हणाले.

चौथ्या फेरीनंतर पाकिटं घेऊन आले.
मी मोजली. पुन्हा मोजली.
तीस गोळ्या उरलेल्या.
वहीत मात्र चौदाही दिवशी बरोबरची खूण.
ज्यांनी एक ताव कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही
त्यांचा हिशेब माझ्या टेबलावर चुकला होता
आणि ते पंख्याकडे बघत होते.

मी रागावले. खुर्ची पुढे ओढण्याइतकीच.
बऱ्याच वेळाने त्यांनी हात टेबलावर ठेवले, उताणे.
"बँकेत गेलो होतो, हयातीचा दाखला द्यायला.
चार वेळा अंगठा ठेवला. मशीन म्हणतं, जुळत नाही.
खिडकीतला पोरगा म्हणाला, काका, बाजूला व्हा, मागे रांग आहे.
म्हटलं पाच दिवस गोळ्या थांबवू.
रेघा येतील, दाखला देऊ, मग पुन्हा सुरू.
पेन्शन थांबली तर गोळ्या कशाच्या आणू?"

त्यांचा अंगठा मी उजेडाकडे धरला.
झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.
उलटी सांगितली होती, तोंड येणं सांगितलं होतं,
हे सांगायचं राहिलं होतं.
माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

डॉक्टरांशी बोलले. मात्रा एकेका गोळीने उतरली.
हॉस्पिटलच्या कागदावर मी लिहिलं,
औषधामुळे यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत.
चेहरा पाहून ओळख पटवावी.
पेन जरा थांबलं. मग लिहिलं,
सदर गृहस्थ हयात आहेत, मी दर सोमवारी त्यांच्याशी बोलते.
डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचली, भुवई उचलली
आणि सही केली.

सोमवारी फोन काकूंनी घेतला.
ते बाहेर गेले होते, बँकेत की दळण आणायला, त्यांना ठाऊक नव्हतं.
"पण दोन पोळ्या खाऊन गेलेत. गोळ्या वेळेवर. झाकणातून."

फोन ठेवून मी वहीत नवा रकाना आखला.
वर लिहिलं: अंगठा.
खाली सेहेचाळीस नावं रिकामी.
पहिला नंबर लावला.