डावा गाल

दर दुसऱ्या मंगळवारी केप्यातलं दुकान बंद ठेवून
मी पेटी घेऊन कुशावतीपल्याड त्या आश्रमात जातो.
बावीस डोकी.
पैसे ऑफिसातून मिळतात,
फक्त शाबू गांवकर आपले आपण देतो,
दोनदा मोजून, नोटा सरळ करून.

कायतान बार्रेत, खोली चार.
मडगाव-केपें बसवर एकतीस वर्षं कंडक्टर.
दोन बोटं तोंडात घालून शिटी घातली
की चढावरचा ट्रकसुद्धा थांबायचा, असं तोच सांगायचा.
चवथीनंतर सांगेनासा झाला.
कसे आहात विचारलं की "बरें आसा",
तेही माझ्याकडे नाही, दाराकडे बघून.

फेस लावायला हात उचलला
आणि म्हातारा डाव्या बाजूनं आत गेला,
गोगलगाय शिंग ओढून घेते तसा.
उजवा गाल मऊ. डावा दगड.
वस्तरा तर अजून पेटीतच होता.

"न्हाणीत पडला," दारातला पोरगा म्हणाला.
मी विचारलंच नव्हतं.

बाही वर सरकली.
दंडाच्या बाहेरून चार डाग, पिवळे पडत चाललेले,
आतून एक, रुंद.
न्हाणीला अंगठा नसतो.

त्या दिवशी मी पैसे घेतले आणि घरी आलो.
हे लपवून उपयोग नाही.
बायकोला म्हटलं, तिथं डॉक्टर येतो,
शिकलेली माणसं आहेत, मी कोण, न्हावी.
ती तिसऱ्या फोडत होती. मान वर न करता म्हणाली,
"डॉक्टर गालाला हात लावतो?"

पुढच्या खेपेला पोराला गरम पाणी आणायला धाडलं,
दार लोटलं, खाली बसलो.
असलं काही उभ्यानं विचारू नये.
कोणी मारलं, असं नाही विचारलं.
विचारलं, रात्री तहान लागली तर काय करता?
घंटीची दोरी वर, खिळ्याला गुंडाळलेली.
पेला खिडकीत.
बराच वेळ तो आरशातल्या माझ्याकडे बघत राहिला.
"तान लागूंकच दिना हांव.
हांतूळ भिजलें जाल्यार…"
पाणी आलं. आम्ही दाढी केली.

दुकानातल्या कॅलेंडरवर मी तारखा लिहिल्या,
डाग कुठे, केवढा,
आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं, माझं काही न घालता.
मग त्याच्या मुलीला फोन, इंग्लंडला.
"पण पपा मला बरें आसा म्हणतात," ती म्हणाली.
मी म्हटलं, बाय, तेव्हा फोन कोण धरून असतं?

तिनं आरडाओरडा केला नाही.
चुलतभावाला पाठवलं, रात्री नऊला, न कळवता.
मग सरकारी माणसं आली. माझं कॅलेंडर घेऊन गेली.
बावीस जणांना रात्री एकटा पोरगा, सांग्याचा, वीस वर्षांचा,
सलग नऊ रात्री.
पगाराच्या वहीत मात्र दोघं.
दुसरा कधी कोणी पाहिलाच नव्हता.
त्याला सोडा असं मी म्हणत नाही, अंगठा त्याचाच होता.
पण वही त्यानं लिहिली नव्हती.

मला दोन महिने बोलावणं नाही.

आता दोरी उशीपर्यंत येते, रात्री दोघं असतात.
कायतानचा डावा गाल अजून आक्रसतो.
मी आधी रिकामा तळवा दाखवतो,
मग खांद्यावर ठेवतो,
मग सांगतो, आता डाव्याकडे येतोय.
शिटी काही अजून ऐकवली नाही त्यानं.

काल शाबू गांवकरची दाढी झाली.
हात बंडीच्या खिशात गेला, तसाच बाहेर आला.
"ऑफिसातून घे आज," म्हणाला,
दाराकडे बघून.

पेटी मिटली होती. मी ती पुन्हा उघडली,
म्हटलं, कानावरचे केस राहिलेत,
आणि खाली बसलो.