खडूची तारीख

दारामागं खडूनं तारीख घालते मी.
किती भांडी पाहिली, किती ओतली,
अळी शून्य की चार,
आणि खाली माझी अर्धीच सही,
कारण खडू संपत आलेला असतो
आणि नवा मागायला गेलं की साहेब म्हणतात,
परवाच दिला होता की तुम्हाला.

सुभाषनगरच्या या बोळात नळ एक दिवसाआड.
म्हणून बॅरेल, म्हणून कळशा,
म्हणून मोरीवरचं ते फुटकं पातेलंसुद्धा काठोकाठ.
मेहरुन्निसा चाची बॅरेलवर हात ठेवून उभी राहते,
"वतू नगोस बाई. डास चावंल तवा चावंल,
पाणी काय आज येनार न्हाई."
माझ्या पत्रकात कोरडा दिवस पाळा असं आहे.
तिच्याकडं तो आठवड्यातून तीनदा असतो.

मी टॉर्च मारते.
अळ्या उजेडाला घाबरतात,
वाकत वाकत तळाला जातात
स्वल्पविरामांसारख्या.
वाक्य पुढं कुणाच्या तरी घरात पुरं होणार असतं.

भाद्रपद सरतो तेव्हा
गुळाचा दर विचारावा तशा लोक पेशी विचारतात.
रियाजच्या पोरग्याच्या काल चाळीस हजार,
आज अठ्ठावीस.
पपईच्या झाडाला एक पान राहिलेलं नाही.
सीपीआरच्या जिन्यावर सतरंजी टाकून बसलेली माणसं
सलाईनच्या थेंबाकडं बघत
कामाचे खाडे मोजतात.
पेपरात येतं, डेंग्यूसदृश.
तपासणीचे पैसे नसले की ताप सदृशच राहतो,
मेलं तरी माणूस आकड्यात जात नाही,
सदृश जातं.

यल्लाप्पा सातपुतेच्या दारात मात्र
मी नेहमी भांडत आले.
कातडं भिजवायची दगडी कुंडी,
आज्याच्या वेळची, हलवता न येणारी.
दर मंगळवारी मी तिच्यात अळी शोधायची,
दर मंगळवारी मला सापडायची.
"वता की मग," तो म्हणायचा,
"आनि चामडं काय थुकीनं भिजवू?"
रापी एका हातात, कापशीचा तळ मांडीवर,
बोलता बोलता वेणी घातली जायची,
तळात विंचू ठेवून चप्पल कशी करकरते
ते पायात घालून दाखवायचा मला,
माझा राग जावा म्हणून.

मार्गशीर्षात गेले तर कण्हत होता.
"चिकन-बिकन न्हाई खाल्लं ताई, माळकरी मानूस मी,
तरी ह्यो चिकनगुन्या कसा काय?"
हसला. मीही हसले.
उठताना गुडघे वाजले,
तेव्हा तोच म्हणाला, "बघा, विंचू हितं घुसला."

ताप तीन दिवसांत गेला होता.
मी रजिस्टरात बरा लिहिला.

मग पौष, माघ.
चैत्रात त्या बोळात पुन्हा माझी पाळी आली.
कुंडी कोरडी.
तळाला हिरड्याची जुनी पूड, एक मुंगळा.
पहिल्यांदाच त्या घरात शून्य.
साहेब खूश होतील, मनात आलंच,
खोटं कशाला सांगू.

यल्लाप्पा भिंतीला टेकून होता,
रापी गोणपाटात गुंडाळलेली.
मूठ मिटून दाखव म्हटलं.
बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली,
जणू कुणीतरी ओल्या चामड्यात बांधून
ती उन्हात वाळवली होती.
"आता कुंडी न्हाई बघायची व्हय?" इंदूबाई म्हणाली,
"आता रोज या की. पानी न्हाई, काम न्हाई, भांडन न्हाई."

फॉर्मवर रकाने आहेत:
बॅरेल, टायर, कुंडी, फ्रीजचा ट्रे.
बोटं असा रकाना नाही.

मी दारामागं वळले.
वर माझ्याच मंगळवारांच्या तारखा,
अळी चार, अळी अकरा, अळी सहा,
त्या चालू कामाच्या खुणा होत्या
हे मला आज कळत होतं.
त्यांच्याखाली आजची घातली.
शून्य काढताना खडूचा तुकडा निसटला,
वाकून उचलला,
अंगठा आणि दोन बोटांत धरला.

मागून तो बघत होता.
तारखेकडं नाही,
धरण्याकडं.